पंखा नुसता घूं करतो, कंडेन्सर बदलला तरी परत तेच

मार्च लागला की माझ्या रिवाइंडिंगच्या दुकानात पंखे यायला लागतात. कुणी पोत्यात घालून आणतं, कुणी मोटारसायकलवर मागे बसलेल्याच्या मांडीवर ठेवून. तक्रार ठरलेली: "फिरतच नाही हो, नुसता घूं करतो. कॉइल जळली असणार." मीटर लावला की बहुतेकांची कॉइल ठणठणीत निघते. पन्नास-साठ रुपयांचा कंडेन्सर गेलेला असतो, आणि तेवढ्यासाठी माणसाने स्टुलावर चढून अख्खा पंखा उतरवलेला असतो.

दुसऱ्या प्रकारचं गिऱ्हाईक जास्त वैतागलेलं असतं. "गेल्याच वर्षी नवा टाकला, परत गेला." ही पोस्ट मुख्यतः त्यांच्यासाठी. पहिल्यांदा गेला तर कंडेन्सर बदलून टाका. वर्षात दुसऱ्यांदा गेला तर तो कशामुळे जातोय ते शोधा.

लक्षणं

बटण दाबलं की पंखा घूं करतो, हलत नाही, पण ढकललं की चालू पडतो. ही सगळ्यात पक्की खूण. त्यातही तो ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला फिरत राहिला, उलटासुद्धा, तर दोष कंडेन्सरच्याच वाटेवर आहे.

रेग्युलेटर पाचवर असूनही वारा लागत नाही, आणि हे एका दिवसात झालेलं नाही, दोन-तीन उन्हाळे हळूहळू होत आलंय. हा कंडेन्सर उतरल्याचा, म्हणजे त्याची साठवण कमी झाल्याचा प्रकार.

पंखा सुरू व्हायला फार वेळ घेतो, मोटारीची टोपी हात ठेववणार नाही इतकी तापते.

आता कंडेन्सरचा संबंध नसलेली लक्षणं, कारण यांच्यापायीही लोक कंडेन्सर बदलतात. घूंसुद्धा येत नाही, पंखा पूर्ण मुका आहे: वीजच पोचत नाहीये, बटण, रेग्युलेटर आणि वायर बघा. कर्रकर्र आवाज येतो: बेरिंग. पंखा डोलतो: पातं वाकलंय किंवा स्क्रू ढिले झालेत. पाचवर झकास चालतो पण एक-दोनवर मरतो: याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

फुकटच्या तपासण्या आधी

संध्याकाळी सात ते दहा पंखा मंद आणि रात्री बारानंतर जोरात, असं असेल तर पंख्याला हात लावू नका. तुमच्याकडे व्होल्टेज पडतंय. असल्या मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० व्होल्टच्या जागी १९० आले तर जोर उरतो जेमतेम ६८ टक्के. शेजारच्या खोलीतला पंखाही तसाच रेंगाळतोय का बघा. दोन्ही कंडेन्सर एकाच दिवशी मरत नसतात.

मग पंख्याचं सर्किट एमसीबीवरून (बोर्डातला बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) बंद करा आणि पातं हाताने किंवा काठीने फिरवा. मोकळा पंखा सोडल्यावर आवाज न करता काही फेरे घेत राहतो. अर्ध्या फेऱ्यात अडला तर बेरिंग सुकलंय. हे आधी बघायचं ते एवढ्यासाठी की अडलेला पंखासुद्धा घूंच करतो, आणि त्यात नवा कंडेन्सर टाकला तर तो जोर लावून दोन महिने चालवतो. दोन महिन्यांनी तुम्ही कंडेन्सरला शिव्या देता. पात्यांवरची धूळही पुसून घ्या. वारा कमी लागण्याच्या काही तक्रारी ओल्या फडक्याने मिटलेल्या मी पाहिल्यात.

तिसरी तपासणी ढकलण्याची. बंद पंख्याला लांब काठीने गती द्या, काठी बाजूला घ्या आणि मग बटण दाबा. चालू पंख्यात काठी घालायची नाही. थांबवा, आता उलट्या दिशेने ढकलून बटण दाबा. दोन्हीकडे चालतो? मग रनिंग कॉइल (फिरता ठेवणारी) चांगली आहे आणि स्टार्टिंगची (सुरू करून देणारी) बाजू मेलेली आहे. म्हणजे कंडेन्सर, त्याची वायर किंवा स्टार्टिंग कॉइल, या तिघांपैकी एक.

असं का होतं, ते जात्यावर

घरातला करंट सिंगल फेज. एकट्या कॉइलला तो दिला की लोहचुंबकाची ओढ नुसती मागे-पुढे होते, गोल फिरत नाही. जात्यावर एकटी बाई खुंटा फक्त सरळ रेषेत पुढे-मागे ओढत असेल तर थांबलेलं जातं हलत नाही, नुसतं कुरकुरतं. समोर दुसरी बसली आणि तिने पाव फेरा आधी ओढ दिली की जातं फिरायला लागतं. ही दुसरी बाई म्हणजे स्टार्टिंग कॉइल. तिला पाव फेरा आधी ओढायला लावतो तो कंडेन्सर. एकदा फिरतं झालेलं जातं एकटी बाईही रेटू शकते, दोन्हीपैकी कुठल्याही दिशेला. म्हणून ढकललेला पंखा चालतो, आणि उलटाही चालतो.

आधी कसं, तर साठवणुकीमुळे. कंडेन्सरमध्ये धातूचे दोन थर असतात आणि मध्ये वीज न वाहू देणारा प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. वीज आली की एका थरावर इलेक्ट्रॉन जमतात, दुसऱ्यावरचे निघून जातात. पापुद्र्यातून पलीकडे कुणी जात नाही, पण दोन्ही बाजूंची ओढ त्याच्यावर ताणून राहते, आणि ऊर्जा या ताणात असते. टाकीत आधी पाणी येतं, मग पातळी चढते. तसं कंडेन्सरमध्ये आधी करंट येतो, मग व्होल्टेज चढतं. पन्नास हर्ट्झच्या विजेवर तो सेकंदाला शंभर वेळा भरतो आणि शंभर वेळा रिकामा होतो, आणि दर वेळी करंट पाव फेरा पुढे असतो. स्टार्टिंग कॉइलला मिळणारी आघाडी ती हीच.

जाता जाता. मराठी पुस्तकात याला धारित्र म्हणतात, इंग्रजी शिकलेली पोरं कपॅसिटर म्हणतात आणि दुकानात आम्ही कंडेन्सर म्हणतो. इंजिनिअर झालेली पोरं यावर हसतात. पण हे नाव जुनं आहे, १७८२ च्या सुमारास इटलीच्या व्होल्टाने दिलेलं, ज्याच्या नावावरून व्होल्ट आला. विजेचा दाट साठा करतो तो कंडेन्सर, असा त्याचा हिशोब होता.

रेग्युलेटरचा चकवा

पाचवर ठीक, खालच्या स्पीडला मेलेला, हे लक्षण असेल तर स्टूल आणायची गरजच नाही. भिंतीतल्या खटक्यांच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरच्या आतही कंडेन्सर असतात. एक ते चार नंबरवर करंट त्यांच्यातून जातो, पाचवर थेट पंख्याला. पाच चांगला याचा अर्थ पंख्यातला कंडेन्सर, कॉइल, बेरिंग सगळं शाबूत. रेग्युलेटर बदला. याच कारणासाठी पंख्याची तक्रार तपासताना रेग्युलेटर नेहमी पाचवर ठेवायचा.

आता वर चढायचं

यापुढचं काम एमसीबी पाडून. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून चालत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलला लावलेलं असू शकतं. मग पंखा बंद दिसतो आणि वायर जिवंत असते. एमसीबी पाडल्यावर वायरला टेस्टर लावा. स्टूल घट्ट हवं आणि खाली एक माणूस हवा.

टेस्टर लागला नाही म्हणजे सगळं मेलंय असं नाही. कंडेन्सरमध्ये भरलेली वीज उरलेली असू शकते, आणि टेस्टर ती हमखास दाखवेल असं धरून चालू नका. चांगल्या पंख्यात बटण बंद झालं की ती कॉइलींमधून लगेच वाहून जाते. पण कॉइल किंवा तिचा जोड तुटला असेल तर वाट बंद, आणि वीज आत अडकून बसते. म्हणजे तुम्ही ज्या बिघाडासाठी वर चढलात, नेमक्या त्याच बिघाडात कंडेन्सर भरलेला राहण्याची शक्यता जास्त. त्यातही किती भरलेला, हे वीज कुठल्या क्षणी तुटली त्यावर. २३० व्होल्टची लाट वर ३२५ पर्यंत जाते. शून्यावर तुटली तर काही नाही, शेंड्यावर तुटली तर पूर्ण. म्हणून दहा वेळा हात लावून काही न झालेला माणूस अकराव्या वेळी उडतो.

साठा किती, तोही सांगतो. धारितेच्या, म्हणजे मायक्रोफॅरडमध्ये मोजतात त्या साठवण क्षमतेच्या, निम्म्याला व्होल्टेजच्या वर्गाने गुणायचं. २.५ मायक्रोफॅरड आणि ३२५ व्होल्ट म्हणजे सुमारे ०.१३ जूल. एक लिटर पाणी जेमतेम १.३ सेंटिमीटर उचलता येईल एवढंच. एवढ्याने एरवी फार काही होत नाही, पण स्टुलावर उभं असताना दचकून तोल जातो आणि हाड मोडतं ते पडण्याने.

म्हणून आधी रिकामा करा. १० किलोओहमचा पाच वॉटचा रेझिस्टर, त्याच्या दोन्ही पायांना झाकलेल्या वायरी आणि टोकांना क्लिपा. कंडेन्सरच्या दोन टोकांना पाच सेकंद लावून धरला की काम झालं, पंख्याच्या कंडेन्सरला तर त्याचा अंशही लागत नाही. नंतर मीटर डीसी व्होल्टवर ठेवून शून्य आल्याची खात्री करा. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची पद्धत आमच्या धंद्यात सर्रास आहे, मीही पोरगा असताना तेच शिकलो. एका झटक्यात जाणारा तो करंट पापुद्र्याच्या कडेवर फवारलेल्या धातूचा जोड कमजोर करतो. चांगला कंडेन्सर तपासता तपासता अर्धा मारला जातो.

कंडेन्सर बहुतेक पंख्यांत मोटारीच्या वरच्या वाटीत असतो, काहींत छताजवळच्या. काळा किंवा पांढरा, दोन वायरींचा. काढायच्या आधी मोबाईलवर जोडांचा फोटो घ्या. आणि काढण्याआधी जोडाकडेच नीट बघा. वायर ढिली, काळी पडलेली, कनेक्टर वितळलेला असेल तर तोच गुन्हेगार असू शकतो. जोड कापून, तांबं घासून, नव्या कनेक्टरमध्ये घट्ट बसवा आणि पंखा चालवून बघा. फुगलेला, चिरलेला किंवा जळका वास येणारा कंडेन्सर मात्र मोजत बसू नका, फेका.

मोजमाप

दिसायला चांगला असला तरी मोजायचा. मायक्रोफॅरड दाखवणारा साधा डिजिटल मीटर पुरतो. कंडेन्सर पंख्यातून पूर्ण सुटा करून, रिकामा करून मगच लावा, नाहीतर आकडा चुकतो आणि मीटरही जातो.

अंगावर २.५ छापलं असेल आणि पाच टक्क्यांची सूट लिहिली असेल तर २.३८ ते २.६२ मध्ये कुठेही चालेल. २.२ च्या खाली आला की मी बदलतो. १.५ वर आलेले कितीतरी पंखे लोक वर्षानुवर्षं वापरत असतात आणि "आमच्याकडे गरमीच फार" म्हणत असतात.

आकडा असा हळूहळू का उतरतो, ही या वस्तूची गंमत. पापुद्र्यावरचा धातूचा थर कल्पनेपलीकडे पातळ असतो. कुठे पापुद्रा कमजोर पडून भोक पडलं की तिथे ठिणगी होते आणि भोकाभोवतीचा धातू क्षणात उडून जातो. शॉर्ट होण्याऐवजी तेवढा ठिपका बाद होतो आणि कंडेन्सर पुढे चालत राहतो. स्वतःची जखम स्वतः भरतो, पण दर जखमेला थोडी पट्टी गमावतो. पट्टी कमी म्हणजे साठा कमी, साठा कमी म्हणजे जात्यावरच्या दुसऱ्या बाईचा जोर कमी. पंखा एका रात्रीत बंद न पडता तीन उन्हाळे मंदावत जातो तो यामुळे.

जुना काट्याचा मीटर असेल तर ओहमच्या मोठ्या रेंजवर लावा. काटा उसळी मारून परत मागे आला तर कंडेन्सर भरतोय. उसळलाच नाही तर आत तुटलाय, उसळून तिथेच राहिला तर शॉर्ट. पण उतरलेला कंडेन्सरही उसळी मारतोच. या तपासणीवर पास केलेले कंडेन्सर माझ्याकडे परत आलेत, म्हणून सांगतो.

भिंतीतल्या प्लगमध्ये कंडेन्सर खुपसून मग ठिणगी काढून बघणं, हे करूच नका. शॉर्ट असलेला हातात फुटतो.

नवा घेताना

जुन्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा. २.५ चा असेल तर २.५, ३.१५ चा असेल तर ३.१५. "एक नंबर मोठा टाका, वारा जास्त लागेल" असं काउंटरवरचा माणूस सांगतो. लागतो थोडे दिवस. स्टार्टिंग कॉइलमधून मापाबाहेर करंट जातो, मोटार तापते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत पंखा माझ्याकडे रिवाइंडिंगला येतो. माझा धंदा होतो, पण तुम्हाला साठ रुपयांचं काम कित्येक पटींनी महाग पडतं.

व्होल्टेज ४४० एसी लिहिलेलं घ्या. घरात २३० असताना ४४० कशाला, असं बरेच विचारतात. एक तर लाटेचा शेंडा ३२५. दुसरं म्हणजे कंडेन्सर आणि कॉइल एका ओळीत असले की दोघं एकमेकांचा साठा झेलत राहतात, आणि कंडेन्सरच्या टोकांवर घरातल्या व्होल्टेजपेक्षा जास्त व्होल्टेज उभं राहतं. २५० चा स्वस्त कंडेन्सर बसवलात तर तो रोज सीमेवर जगतो. आयएसआयची खूण बघा. याला प्लस-मायनस नसतो, वायर कुठलीही कुठेही चालते. ज्याच्यावर प्लस-मायनस आहे तो डीसीचा, तो इथे फुटतो.

बदलला तरी परत जातोय

आता त्या वैतागलेल्या गिऱ्हाइकाकडे. वर्षाच्या आत दुसरा गेला तर मी या क्रमाने विचारतो.

इन्व्हर्टर कुठला आहे? स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंखा जास्त घुमतो, हे तुम्ही ऐकलंच असेल. त्या चौकोनी लाटेत पन्नास हर्ट्झच्या जोडीला वरच्या अनेक फ्रिक्वेन्सी मिसळलेल्या असतात, आणि फ्रिक्वेन्सी वाढली की कंडेन्सरमधून करंट जास्त जातो. तो आतून तापतो. जिथे रोज चार-पाच तास लाइट जाते तिथे हे कारण मला सगळ्यात जास्त सापडतं. इन्व्हर्टर साइन वेव्हचा केला की थांबतं.

रात्री व्होल्टेज किती चढतं? गावाचा लोड उतरल्यावर मध्यरात्री २५५-२६० दिसणारी घरं मी मोजली आहेत, खासकरून ट्रान्सफॉर्मरजवळची. संध्याकाळच्या मंद पंख्याने हैराण माणूस रात्रीचं कधी मोजत नाही.

खोली पत्र्याची आहे का? एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या बंद वाटीत काय तापतं ते हात लावून बघा. अशा ठिकाणी कंडेन्सरवर ८५ अंश लिहिलंय की ७०, ते बघून घ्यायचं.

हे तिन्ही नसेल तर मोटार. कॉइलमध्ये थोडे वेढे शॉर्ट असतील तर पंखा चालतो, पण तापतो आणि कंडेन्सर खातो. आधी कॉइल तुटलीय का किंवा दोन कॉइली एकमेकींना लागल्यात का, ते बघायला तीन वायरींमधले तीन ओहम मोजतात. सगळ्यात मोठा आकडा उरलेल्या दोन आकड्यांच्या बेरजेइतका यायला हवा. तसा आला नाही किंवा एखादा अनंत दाखवला तर कॉइल गेली. बेरीज जुळूनही मोटार तापत असेल तर वेढे शॉर्ट असू शकतात, ते घरच्या मीटरवर कळत नाही, दुकानात आणा.

नवा कंडेन्सर बसवताना त्याच्यावर मार्करने तारीख आणि मोजलेला आकडा लिहून ठेवा. पुढच्या वेळी एका नजरेत कळतं, वर्षात किती उतरला.

इथे थांबा

पंख्याला हात लावला की झिणझिण्या येतात, एमसीबी परत परत पडतो, किंवा वाटी उघडल्यावर कॉइलच्या वार्निशचा जळका वास येतो: वायरमनला बोलवा.

रिमोटवर चालणारा कमी वॉटचा बीएलडीसी पंखा असेल तर वरचं काहीच लागू नाही. त्यात सर्किट बोर्ड असतो, आणि त्यावरच्या कंडेन्सरमध्ये तीनशेच्या वर डीसी व्होल्ट असू शकतात. वॉरंटीत द्या.

पाण्याच्या सिंगल फेज मोटारीचाही कंडेन्सर जातो आणि तीही अशीच घुमते, म्हणून लोक पंख्याच्या हिंमतीवर तिला हात घालतात. घालू नका. अनेक मोटारींत सुरुवातीचा वेगळा कंडेन्सर असतो, तो शंभर मायक्रोफॅरड किंवा त्याहून मोठा. त्याच ३२५ व्होल्टवर पाच जूलच्या वर, पंख्याच्या चाळीस पट. तो फक्त मोटार उचलण्यापुरता एक-दोन सेकंद असतो. वेग आला की आतला सेंट्रिफ्युगल स्विच टक करून त्याला बाजूला काढतो. तो स्विच चिकटला तर कंडेन्सर सर्किटमध्येच राहतो, उकळतो आणि फुटतो. पाण्याच्या मोटारीचा कंडेन्सर वारंवार फुटतोय याचा अर्थ बहुधा तो टक आवाज येत नाहीये. मेकॅनिकला फोन करताना एवढं सांगितलंत तरी तो स्विच सोबत घेऊन येईल.

एसीचं बाहेरचं युनिट उघडू नका. मायक्रोवेव्ह तर अजिबात नाही, त्याच्या कंडेन्सरवर दोन हजारांच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते राहू शकतात. तो माझ्या दुकानात आला तरी मी परत पाठवतो.